ज्या वर्षी मी हिमाची वाट पाहिली

आमच्या खोऱ्यात बी.ए. झालेला मी पहिला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्याचं मूळ त्यातच आहे. माझ्या आधी गावातले दोघंतिघं सातवीची परीक्षा पास होऊन मास्तर झाले होते. त्यापुढं कुणाची मजल गेली नव्हती. मी पुण्यात बोर्डिंगात राहिलो, सकाळी वर्तमानपत्रं टाकली, आणि चार वर्षांनी पदवी घेऊन मुळशीच्या एसटीत बसलो. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्या दिवशी एसटीच्या ड्रायव्हरलासुद्धा पेढा दिला. त्यांना सहीपुरतं लिहिता यायचं. सही करताना ते अजूनही जीभ दातात धरायचे.

निकालानंतर नोकरीसाठी अर्ज टाकले आणि घरी बसलो. घरी बसलो म्हणजे शेतात जात होतोच, पण गावाच्या लेखी मी आता दुसऱ्याच कामाचा माणूस झालो होतो. कुणाचं पत्र आलं की वाचायला माझ्याकडं. कुणाला सोसायटीचा अर्ज करायचा तर माझ्याकडं. म्हशीच्या पायाला सूज आली तरी माझ्याकडं. मला सगळे ‘बीए’ म्हणायचे. ‘बीए हाय का घरात?’ अशी हाक दारातून आली की मला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू.

आणि मीही कुणाला ‘मला ठाऊक नाही’ असं म्हटल्याचं आठवत नाही.

त्या वर्षी धोंड्याचा महिना पडला होता. श्रावण दोन आले, त्यामुळे दसरा चांगला पुढं गेला. लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताची खाचरं कापून झाली होती, गरवं भात अजून उभं होतं. माळावरचं गवत पिवळं पडलं होतं. दसऱ्याला संध्याकाळी सोनं वाटायला निघालो तेव्हा वाऱ्याला अशी धार होती, की म्हातारी माणसं आपट्याची पानं हातात द्यायची आणि लगेच हात घोंगडीत घालायची. एरवी आमच्याकडं दसऱ्याला सदरा अंगाला चिकटतो. त्या वर्षी सकाळी खाचराच्या बांधावर धोतर गुडघ्यापर्यंत भिजेल इतकं दहिवर. उत्तरेकडनं वारा आणि वर लख्ख आभाळ. दसऱ्याच्या आधीपासून चार दिवस हे चाललं आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वारा पडला. दुपारी पुन्हा घाम आला.

त्या दुपारी धनगरमामा आमच्या अंगणात आले.

मामा म्हणजे गावाच्या वरच्या अंगाला माळावर राहणारे धनगर. त्यांची चाळीसेक मेंढरं. आमच्याकडचा पाऊस मेंढरांना सोसत नाही, म्हणून मामा-मामी पावसाळाभर कळप घेऊन पूर्वेला कोरड्या मुलखात जायचे आणि दसऱ्याच्या सुमाराला परत यायचे. आले की आमच्या कापलेल्या खाचरात मेंढरं बसवायची. रानाला खत मिळायचं, मामांना भात. माझ्या आजोबांपासून हे चालत आलेलं. मला लहानपणी मामींनी कितीदा तरी भाकरीवर मेंढीचं दूध ओतून दिलेलं आहे. नातं कसलं नव्हतं, पण मामा-मामी म्हणायची सवय होती, आणि ती दोघंही मला भाच्यासारखंच दटावायची.

मामा ओट्यावर टेकले आणि आबांना म्हणाले, “पाव्हणं आल्यात कातरायला.”

पाहुणे म्हणजे त्यांच्या भावकीतले लोक. दसरा झाला की ते लोकर कातरत गावोगाव फिरायचे. ज्याच्या वाड्यावर काम, त्याच्याकडं जेवण. दोन दिवस थांबायचे आणि पुढं जायचे. एकदा गेले की चैतापर्यंत परत यायचे नाहीत.

“मग कातरून घ्या की,” आबा म्हणाले.

“घेतो, पर ही थंडी बघितली का तुमी? दसऱ्याला असला गारठा मी बघितला न्हाई. उद्या कातरली आन परवा वारा सुटला तर जनावर उघडं पडतंय. लोकर अंगाव यायला महिना तरी लागतो.”

“मग थांबा.”

“थांबू कसा? कुसळ पिकलंय माळाव.” मामांनी हात झाडला. “आठ दिसात लोकरीत घुसंल. मग ती लोकर कोन घेतंय? आन कुसळ कातड्यात शिरलं की मेंढरू झुरतं.”

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी ओसरीत पुस्तक घेऊन बसलो होतो. आबा म्हणाले, “त्याला इचारा. त्यानं भूगोल केलाय.”

आबांच्या आवाजात जे होतं ते मी अजून विसरलो नाही. त्यांना मामांच्या मेंढरांची काळजी होती हे खरं, पण त्याहून जास्त त्यांना मला विचारायला लावायचं होतं.

मी उठलो. ट्रंकेतनं भूगोलाचं पुस्तक काढलं. त्यात पुण्याचं दर महिन्याचं सरासरी तपमान दिलेलं होतं, किमान आणि कमाल. दसरा म्हणजे ऑक्टोबर, हे डोक्यात बसलेलं. मी ऑक्टोबरच्या ओळीवर बोट ठेवलं. आकडा चांगला उबदार होता.

“ही थंडी म्हणजे एक लाट होती,” मी म्हणालो. त्या दिवसांत मी घरातही पुण्याचं बोलायचो. “ती गेली. खरी थंडी अजून लांब आहे. सरासरी बघितली तर महिनाभर काही भीती नाही.”

“सरासरी म्हंजी?” मामांनी विचारलं.

“बऱ्याच वर्षांचा हिशोब काढतात. त्यावरून कळतं, या महिन्यात किती थंडी असते ते.”

“यंदाची?”

“सगळ्याच वर्षांची.”

मामा माझ्याकडं बघत राहिले. “यंदा धोंडा पडला रं. दसरा लांबलाय.”

“पुस्तकातल्या महिन्यांना धोंडा नसतो, मामा,” मी म्हणालो आणि हसलो. आबाही हसले. ओसरीतल्या भिंतीवर कॅलेंडर होतं. त्यावर ऑक्टोबरचं पान उलटायला आलं होतं. माझी पाठ त्याच्याकडं होती. पुस्तकातल्या महिन्यांना धोंडा नसतो हे अगदी खरं. म्हणूनच मी पुढची, नोव्हेंबरची, ओळ वाचायला हवी होती.

“तू म्हनतूस तर कातरतो,” मामा म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मेंढरं ओढ्यात धुतली आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी कातरली. मी बघायला गेलो होतो. चारी पाय एकत्र धरून मेंढरू आडवं करायचे, आणि मोठ्या कातरीनं पोटाकडून पाठीकडं असे जायचे, की लोकर सगळी एका तुकड्यात निघायची, सदरा काढून ठेवावा तशी. सोडलं की मेंढरू उठायचं आणि क्षणभर उभं राहायचं. आपणच का हे, असं. निम्म्याहून लहान झालेलं, बरगड्या दिसणारं, गुलाबी-पांढरं. मामी प्रत्येकाच्या पाठीवरून हात फिरवून बघत होत्या, कुठं कातर लागली का. लागली असली तर तिथं हळद-तेल. लोकरीचा ढीग माझ्या कमरेपर्यंत आला. पाहुणे जेवले आणि पुढच्या गावाला गेले.

दोन दिवसांनी कोजागरी होती. वारा पुन्हा सुटला, आणि असा सुटला की दूध आटायच्या आतच लोकांनी गरम गरम पिऊन घेतलं आणि घरं गाठली. चंद्र बघायला कुणी थांबलं नाही. सकाळी उठलो तेव्हा अंगणातल्या हंड्यातलं पाणी बोटाला चावत होतं. बैलांच्या नाकातनं वाफ निघत होती. आबा गोठ्यातनं आले, हात चुलीपाशी धरले आणि माझ्याकडं न बघता परत गोठ्यात गेले. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं.

पारावर शेकोटी पेटली होती. मी गेलो, तर एकजण लगेच म्हणाला, “काय बीए, लाट गेली म्हनला हुतास नव्हं?”

“गेली हुती, चंची इसरली म्हनून माघारी आली,” दुसरा म्हणाला. सगळे हसले.

त्या वेळी मी ‘चुकलं माझं’ म्हटलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. पण चार वर्षं पुण्यात राहून आलेला माणूस शेकोटीपाशी चुकलो म्हणेल कसा? मी म्हणालो, “ही साधी थंडी नाही. अशी थंडी शंभर वर्षांतून एखाद्या वेळी पडते. कुणालाच आधी कळत नाही. असंच चाललं, तर पौषात इथं हिम पडेल.”

हसणं थांबलं.

“हिम म्हंजी बरफ?”

“बर्फच. पण वरून पडतं, कापसासारखं.”

“हितं? आपल्यात?”

“का नाही? थंडी पुरेशी पडली पाहिजे, एवढंच.”

आता हे मी का म्हणालो, ते मला तेव्हाच कळत होतं. हिम पडलं असतं तर मी सुटलो असतो. ज्या वर्षी मुळशीत हिम पडलं, त्या वर्षी एका बी.ए. झालेल्या पोराचा अंदाज चुकला, तर त्याला कोण बोल लावणार? साध्या थंडीनं मी खोटा ठरत होतो. मला अचाट थंडी हवी होती.

गावानं मात्र ते हिम उचलून धरलं. आमच्या घरी ओसरीत कॅलेंडरवर हिमालयाचं चित्र होतं, देवदाराच्या झाडांवर पांढरं साचलेलं. लोक ते बघायला येऊ लागले. माझी थोरली काकू, जिनं पौडापलीकडं फारसं काही पाहिलेलं नव्हतं, ती रोज एक नवा प्रश्न घेऊन यायची.

“कवलावर पडलं तर कवलं फुटतील का रं?”

“नाही काकू. हलकं असतं.”

“आन ग्वाड असतं का?”

“पाण्यासारखंच लागतं.”

“मग काय उपेग,” काकू म्हणायची. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, “मी आता किती दीस हाय? पडू दे म्हनावं यंदाच. बघून जाईन.” तिनं त्यासाठी अंगणातला कोपरा झाडून सारवून ठेवला होता, हिम पडलं तर स्वच्छ जागी पडावं म्हणून. पारावर पैज लागली, आधी डोंगराच्या माथ्यावर पडेल का धरणाच्या काठाला. कोळवणचा एक पाहुणा लग्नाच्या बोलणीसाठी आला होता, तो सांगत गेला की तुमच्यात पडणार म्हणजे आमच्यातही पडेल, आमी काय घोडं मारलंय.

मी एक युक्तीही काढली. कॉलेजात वाचलं होतं, की आभाळ निरभ्र असलं, वारा पडलेला असला, तर पेंढ्यावर ठेवलेल्या उथळ मातीच्या भांड्यात पाणी गोठतं. हवा तेवढी थंड नसली तरी गोठतं. मी कुंभाराकडनं चार परळं आणली, बांधाच्या खालच्या अंगाला पेंढ्यावर मांडली, रोज संध्याकाळी त्यात बोटभर पाणी घालायचो आणि उजाडताना बघायला जायचो. पाणीच असायचं. वारा होता ना. मी रोज तो वारा पडायची वाट बघायचो.

परळांकडं जायची वाट मामांच्या मेंढरांवरनं होती. आमच्याच वरच्या खाचरात, काठ्या रोवून सुताची जाळी ताणतात त्या वाघरीच्या आत, ती एकमेकांना चिकटून एक गोळा होऊन उभी असायची. बाहेरच्या बाजूची आत शिरायला धडपडायची आणि आतली बाहेर ढकलली जायची. तो गोळा सारखा हलायचा. मी लांबनं जायचो. मामा या दिवसांत पारावर आले नव्हते. मी त्यांना विचारलं नाही आणि ते मला काही म्हणाले नाहीत.

दिवाळीला चार दिवस राहिले असतील. त्या दिवशी उजाडताना बाहेर आलो तर पान हलत नव्हतं. आभाळ काचेसारखं. बांधावर धावत गेलो. तीन परळांत पाणी होतं, चौथ्यात मी बोट घातलं तर बोट अडलं. कागदासारखा पापुद्रा, त्यात बारीक सुया एकात एक गुंतलेल्या. मी ते परळ दोन्ही हातांत धरलं. इतका आनंद मला निकालाच्या दिवशीसुद्धा झाला नव्हता. पारावर शेकोटी पेटली असणार. पापुद्रा विरघळायच्या आत तिथं पोचायला हवं होतं, म्हणून लांबचा फेरा न घेता मी मेंढरांच्या खाचरातनं आडवा निघालो.

वाघरीच्या बाहेर मामी बसल्या होत्या. मांडीवर एक मेंढी होती, मान एका बाजूला पडलेली. शेजारी दोन कोकरं, ती पण तशीच. मामींनी आपलं लुगड्यावरचं कांबळं काढून मेंढीवर टाकलं होतं आणि ते अजून काढून घेतलं नव्हतं. मामा आत होते. एकेक मेंढरू उठवून चालवत होते, बसू देत नव्हते.

मी थांबलो. परळ हातात.

“काय हाय त्यात?” मामींनी विचारलं.

मी परळ मागं घेतलं. त्यांनी मान लांब करून बघितलं.

“ह्योच का तुजा बरफ?”

“हो,” मी म्हणालो.

मामींनी पुन्हा मेंढीकडं बघितलं. तिच्या कानाला हात लावला. “गार किती झालीया बघ,” त्या म्हणाल्या. मला म्हणाल्या का स्वतःला, ते कळलं नाही.

मी परळ बांधावर उपडं केलं. पापुद्रा गवतात पडला आणि तुकडे झाले. मी म्हणालो, “मामी, चुकलं माझं. मी तसं सांगायला नगं हुतं.” त्या दिवसांत घरच्या बोलीत मी पहिल्यांदाच काही बोललो असेन.

“चुकलं ते दिसतंय,” मामी म्हणाल्या. “उबा नगो ऱ्हाऊ. पेंढा आन.”

मी घरी धावलो. आबा अंगणातच होते. त्यांना सांगायला तोंड उघडलं, पण त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मला वाटतं सगळं कळलं. हळव्या भाताचा नवा पेंढा गोठ्यामागं रचलेला होता. बैलांची वर्षभराची वैरण. आबांनी वर चढून पेंढ्या खाली टाकायला सुरुवात केली. मोजल्या नाहीत. खाली टाकता टाकता एकदाच म्हणाले, “मीच लावलं त्यास्नी तुला इचारायला.” मग पुन्हा पेंढ्या टाकू लागले.

वाघरीत गुडघाभर पेंढा पसरला. पण पेंढ्यानं पोट उबदार राहतं, पाठीचं काय? मामा म्हणाले, “लोकर हाय की घरात. पर ती काय अंगाला चिकटवायची?” मला त्या वेळी आमच्या माळ्यावरची गोणपाटाची पोती आठवली. भात भरायची, त्याच वर्षी बाजारातनं आणलेली. मी ती सगळी खाली काढली. दाभण आणि सुतळी घेतली आणि ओसरीत बसलो.

पहिली झूल मी अगदी शहाण्यासारखी केली. मेंढराची लांबी काठीनं मापली, चार पायांना चार भोकं पाडली, गळ्याला घट्ट शिवलं. घेऊन गेलो. मामींनी ती एका मेंढीला घातली आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. मेंढी एक पाऊल टाकायची आणि पडायची. तिला खाली मान घालता येईना.

“ती चरनार कशी? आन मुतनार कुटं?” मामी म्हणाल्या. “कालिजात हे शिकवलं न्हाई व्हय?”

मामा हसले. त्या दिवसांत मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं. मग मामींनी दाखवलं. पोतं एका अंगानं उसवायचं, पाठीवर टाकायचं, छातीशी एक बंद आणि पोटाखालनं एक, मागचं सगळं मोकळं. “गळ्याशी ढिलं ठिव. मान खाली गेली पायजे.” मी शिवत गेलो. दुपारपर्यंत बोटं सुजली. आमच्या आईनं जेवायला हाक मारली तेव्हा मी आठवी झूल शिवत होतो.

हे लपून राहण्यासारखं नव्हतं. पारावरची मंडळी बघायला आली. ओसरीच्या पायरीशी उभी राहिली.

“काय रं, बीए झालास आन मेंढराचा शिंपी झालास?”

“माप घ्यायला दुकान कवा काढतुयास?”

“माज्या बोकडाला कोट शिव की. खिसा पायजे पर.”

मी मान वर केली नाही. मग त्यातलाच एकजण, पैज लावणारा, म्हणाला, “दाभण एकच हाय का?” तो घरी जाऊन स्वतःचं घेऊन आला. संध्याकाळपर्यंत आम्ही पाचजण शिवत होतो. पोती कमी पडली, तर ज्याच्या त्याच्या घरातनं आली, जुनी, फाटकी, शेंगांचा वास येणारी. सगळ्यांत अशक्त कोकरं मामींनी घरोघर दिली. काकूनं दोन घेतली आणि चुलीपाशी ठेवली. हिमासाठी सारवलेल्या कोपऱ्यात तिनं दुसऱ्या दिवशी त्यांना उन्हात बांधलं.

“आता बरफ नगं बाई,” ती म्हणाली. “नगो पडू दे. माजं काय अडलंय.”

मी तिला सांगितलं नाही, की ते तसंही पडणार नव्हतं.

झुली घातलेली ती मेंढरं दिवाळीत माळावर चरायला निघाली, तेव्हा लांबनं असं वाटायचं, की कुणाच्या खळ्यावरची भाताची पोती उठून चालायला लागलीयेत. पौडाहून येणारी एसटी तिथं थांबायची आणि लोक खिडकीतनं मान काढून बघायचे. त्या थंडीत मामांची एकूण सात जनावरं गेली, तीन मोठी आणि चार कोकरं. बाकीची टिकली. दिवाळीनंतर आठवड्याभरात वारा फिरला आणि पौष नेहमीसारखाच गेला, सकाळी शेकोटी आणि दुपारी ऊन. परळं मी कुंभाराला परत दिली. घेईना, म्हणाला वापरलेली आहेत. मग काकूनं कोकरांना पाणी पाजायला घेतली.

हिम मी पुढं पुष्कळ वर्षांनी पाहिलं, उत्तरेकडं एका सहलीत, शाळेतल्या शिक्षक मंडळींबरोबर. ते एकमेकांना गोळे मारत होते. मी रस्त्याच्या कडेला कळप बघत उभा राहिलो. त्या मेंढरांच्या अंगावर हातभर लोकर होती. मेंढपाळाला विचारलं, कधी कातरता. त्यानं आपल्या भाषेत काहीतरी सांगितलं, मला कळलं नाही. मी मान हलवली.

पण मला सांगायचं आहे ते त्या थंडीच्या पुढच्या वर्षीचं. मला तालुक्यातल्या हायस्कुलात नोकरी लागली होती. दसऱ्याच्या सुट्टीत घरी आलो होतो. मामा-मामी परत आले होते, कातरणारे पाहुणेही आले होते. या वर्षी धोंडा नव्हता, दसरा वेळेवर होता. हवा बरी होती, पण सकाळी थोडा गारवा जाणवत होता.

मी पारावर बसलो होतो. सगळ्यांच्या देखत मामा आले आणि समोर उभे राहिले.

“काय मास्तर, कातरू का?”

मला वाटलं, मामा चार माणसांत माझा पाणउतारा करताहेत. त्यांच्याकडं बघितलं तर तसं काही दिसलं नाही. ते खरंच विचारत होते. मी उठलो आणि त्यांच्याबरोबर खाचरात गेलो. एका मेंढीच्या लोकरीत हात घातला. आत ऊब होती. वाऱ्याकडं तोंड केलं. भूगोलाचं पुस्तक मी शाळेत शिकवत होतो, त्यातली ऑक्टोबरची ओळ आणि नोव्हेंबरची ओळही पाठ होती.

“मला ठाऊक न्हाई, मामा.”

“मग कुनाला ठाऊक?”

“तुमाला.”

“मला बी न्हाई,” मामा म्हणाले. “मला ठाऊक असतं तर त्या वर्साला तुज्याकडं कशाला आलो असतो?”

वाघरीत मेंढरं रवंथ करत होती. मामी शेणाची टोपली घेऊन आल्या आणि आमच्याकडं बघून म्हणाल्या, “दोघं मिळून काय करताय हितं? पाव्हणं खोळंबल्यात.”

“निम्मी कातरू,” मामा म्हणाले. “जवान हायेत ती. म्हातारी आन गाभण ऱ्हाऊ देत.”

“कुसळ लागंल की त्यास्नी.”

“लागू दे. येचू.”

मामी थोडा विचार करून हूं म्हणाल्या आणि टोपली घेऊन पुढं गेल्या. मी घरी आलो. माळ्यावर चढलो. त्या झुली आईनं नीट घडी घालून ठेवल्या होत्या, पण उंदरांनी दोनतीन कुरतडल्या होत्या. मी सगळ्या अंगणात काढल्या, झटकल्या, उन्हात घातल्या. मग दाभण शोधलं आणि कुरतडलेल्या शिवायला बसलो.